भित्यापाठी कोण?

आपल्या भाषेत कुत्र्यावरच्या म्हणींना तोटा नाही. पण त्यांतली क्वचितच एखादी त्याच्या बाजूने बोलते. त्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. धोब्याचा असला तर तो ना घरचा ना घाटचा. भुंकणारा चावत नाही असे ठरवून आपण त्याच्या भुंकण्याचीही किंमत शून्य करून ठेवली आहे. भित्र्या माणसाच्या वाट्यालाही अशीच एक म्हण आली आहे : भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जो भितो त्याच्यामागे संकटे हात धुऊन लागतात, हा तिचा अर्थ. म्हण अनुभवाची आहे, ती खोटी म्हणता येणार नाही. शाळेच्या पटांगणात जो मुलगा दचकतो त्यालाच बाकीची मुले पुन्हा पुन्हा दचकवतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. परंतु ही म्हण अर्ध्यावरच थांबते, असे मला वाटते. भित्याच्या पाठी ब्रह्मराक्षस असतो हे ती सांगते. माणसाने कुठे असावे, हे ती सांगत नाही.

हा उरलेला अर्धा प्रश्न यंदा माझ्यापुढे एका कुत्र्याच्या निमित्ताने आला. फराळाचे ताट पुढे घेऊन दिवाळी अंक चाळणाऱ्या वाचकाला निवाऱ्यातल्या कुत्र्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण ज्या सणात माणसाच्या आनंदाचा आवाज मुक्या जनावराच्या काळजापर्यंत जातो, तो सण दिवाळीच आहे. म्हणून ही गोष्ट याच अंकात शोभावी.

आमचे वर्तकनगर येऊरच्या डोंगराला फारसे दूर नाही. म्हाडाच्या जुन्या इमारती एकेक करून पडत आहेत, त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत, आणि या पाडापाडीत माणसांची बिऱ्हाडे जशी हलतात तशी इमारतीच्या जिन्याखाली वाढलेली कुत्रीही उघड्यावर पडतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी आठवडाभर कचेरीत राबते आणि रविवारी एका प्राणिनिवाऱ्यात जाऊन कुत्र्यांची सेवा करते. एके दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. आमच्या वाघ्यासाठी चार ओळी अशा लिहून द्या, की वाचणाऱ्याला त्याला घरी न्यावंसंच वाटेल.”

वाघ्या हे नाव निवाऱ्यातल्या पोरांनी थट्टेने ठेवलेले. तपकिरी रंगाचा, तीनएक वर्षांचा देशी कुत्रा. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडलेली. माणूस जवळ आला की तो भिंतीला पाठ लावून बसे, शेपटी पोटाशी घेई आणि थरथरे. झाडू, काठी, शिरस्त्राण घातलेला माणूस, जोरात लागलेले दार, यांपैकी काहीही त्याला पुरे होई. एका घरी तो गेला होता. तिथे त्याला पलंगाखालून गळपट्टा धरून ओढण्यात आले. तो चावला आणि चौथ्या दिवशी परत आला. त्यानंतर त्याच्यासाठी कोणी विचारले नव्हते.

मी त्याला पाहून आले. पाहून आल्यावर मला चार ओळी लिहिणे अधिकच अवघड झाले. कादंबरीकाराला एक खोड असते; पात्राविषयी वाचकाच्या मनात माया उत्पन्न करायची असेल तर काय सांगावे आणि काय झाकावे हे त्याच्या हाताला आपोआप कळते. वाघ्याचे डोळे मधासारखे होते. ते लिहिले असते तर पुरे होते. चावल्याचे गाळले असते तर दहा घरांतून विचारणा आली असती. प्रश्न असा होता की, दयेपोटी केलेली ही लपवाछपवी खोटेपणा ठरते की नाही?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी भीती म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. कारण भित्रेपणा हा आपण स्वभावाचा दोष मानतो. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. घंटेच्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, एवढ्यापुरते तरी ठाऊक आहेच. त्याच्या प्रयोगशाळेत सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडच्या महापुराचे पाणी शिरले. पिंजऱ्यांतली कुत्री बुडता बुडता वाचवली गेली. पुढे पाहतात तो त्यांतली काही कुत्री महिनोन्‌महिने शिकलेले धडे विसरली होती. एक कुत्रा हळूहळू सावरला. पण दाराच्या फटीतून पाण्याचा बारीक ओघळ आत सोडला, तेव्हा त्याची सारी घडी पुन्हा विसकटली. आपल्याला ओघळ दिसतो. कुत्र्याला पूर दिसतो. दोघेही आपापल्या परीने खरेच पाहत असतात.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. स्कॉट आणि फुलर या दोन संशोधकांनी मेन राज्यातल्या बार हार्बर येथे वर्षानुवर्षे कुत्र्यांची पिल्ले वाढवून निरीक्षणे केली आणि १९६५ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ असा असतो की, तेव्हा ज्याच्याशी ओळख होते ते त्याला आपले वाटते. त्या काळात माणसाचा मायेचा हात लागला नाही, तर पुढे माणूस त्याला परकाच राहतो. तिथल्याच एका प्रयोगात चौदा आठवडे माणसावाचून वाढलेली पिल्ले रानातल्या जनावरासारखी वागू लागली. आता विचार करा : जिन्याखाली जन्मलेल्या पिल्लाने ते आठ-नऊ आठवडे कसे काढावेत, हे काय त्याने ठरवले होते?

वर्गातही हेच दिसते. मी फळ्यावर लिहिण्यासाठी हात उचलला की पहिल्या बाकावरचा एखादा मुलगा डोक्यावर दप्तर धरतो. त्याला मी कधी मारलेले नसते. त्याच्या घरी कोणाचा तरी हात असाच उचलला जात असतो. तो मुलगा भेकड आहे असे म्हणणारा शिक्षक मुलाविषयी काहीच सांगत नाही. त्याला दिसत नाही एवढेच सांगतो.

शिवाय भीतीला नेहमीच नावे ठेवण्याचे कारण नाही. येऊरच्या जंगलातला बिबट्या कुत्री मारून खातो. त्या बाजूच्या वस्तीतला बेडर कुत्रा बिबट्याच्या तोंडी आधी जातो, आणि पानाच्या सळसळीने पळणारा भित्रा कुत्रा पावसाळ्यामागून पावसाळे काढतो. रस्त्यावर जे शहाणपण होते तेच बैठकीच्या खोलीत दोष ठरते. जागा बदलली, कुत्रा तोच आहे.

इथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. अडचण इथून पुढे आहे. भीती हा अपराध नव्हे, हे मान्य. पण भ्यालेला कुत्रा चावतो, हेही खरे. किंबहुना चावणे हा भीतीचा शेवटचा शब्द असतो. त्याआधी तो बरेच काही बोलून चुकलेला असतो. तो तोंड फिरवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, अवेळी जांभई देतो, डोळ्यांचे पांढरे दिसू लागते, अंग ताठ होते, मग तो गुरगुरतो. आपण हे काहीच ऐकत नाही आणि मग म्हणतो, ‘अचानक चावला’. गुरगुरल्याबद्दल त्याला मारणारा माणूस तर त्याची उरलीसुरली भाषाही काढून घेतो. आणि ज्याची भाषा काढून घेतली त्याच्यापाशी दातच शिल्लक राहतात.

पण दात ते दातच. जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सारा, म्हणजे ९९ टक्क्यांपर्यंत, कुत्र्यांपासून येतो. जुलै १८८५ मध्ये पाश्चरने एका नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचून वाचवले, तेव्हापासून या रोगाला अडवता येते. पण लक्षणे दिसू लागल्यावर त्यातून माणूस वाचणे आजही जवळजवळ अशक्य आहे. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. वाघ्याला लस टोचलेली होती. तरीही लहान मुलाच्या गालावर पडलेला दात लसीने नाहीसा होत नाही.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत : तो निरपराध आहे, आणि तो धोक्याचा आहे. आपल्या मनाला एका वेळी एकच सत्य पेलते. म्हणून लोकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘बिचारा आहे, काही करत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘चावरा आहे, हाकलून द्या.’ पहिल्याला धोका दिसत नाही, दुसऱ्याला निरपराधपण दिसत नाही. नीतीचे खरे काम जिथे दोन्ही दिसतात तिथे सुरू होते.

मुंबईला हा वाद नवा नाही. इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला, शिपायांना दर कुत्र्यामागे पैसे मिळू लागले, आणि ६ जून १८३२ रोजी कोटात पारशी लोकांनी दंगा केला; त्यांना हिंदू, जैन आणि मुसलमानही मिळाले. बाजार बंद पडला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली. मारू नका, असे म्हणणाऱ्यांनी ‘मग ठेवायचे कुठे’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पैशाने दिले, ही त्या गोष्टीतली मोठी बाब आहे. परंतु पांजरपोळ म्हणजे आश्रय; आश्रय म्हणजे घर नव्हे. आश्रयात जीव वाचतो. पण शंभर कुत्र्यांच्या भुंकण्यात, रोज बदलणाऱ्या माणसांत, लोखंडी दारांच्या खणखणाटात भित्र्या कुत्र्याची भीती वाढतच जाते. जो तिथे ठेवावा लागतो तोच तिथे सर्वांत कमी सुधारतो. त्याला घरच पाहिजे. आणि घर मिळण्यासाठी तो घरासारखा वागत नाही. हा पेच घेऊन माझी विद्यार्थिनी माझ्याकडे आली होती.

तिला मी लिहून दिल्या त्या ओळी अशा : ‘देशी कुत्रा, वय सुमारे तीन वर्षे. नसबंदी आणि लसीकरण झालेले. फार घाबरट आहे. कोणी हात उचलल्यास गुरगुरतो. गळपट्टा धरून ओढल्यावर एकदा चावला आहे. एका घरातून परत आला आहे. लहान मुले असलेल्या घरात देता येणार नाही. तो लाड करून घेईल असे आश्वासन देता येत नाही. दार नीट बंद होणारे असावे आणि घरातल्या माणसांना घाई नसावी.’

तिने ते वाचले आणि तिचा चेहरा उतरला. “बाई, एवढं खरं लिहिलं तर कोण घेणार त्याला?”

तिचा प्रश्न मला ओळखीचा वाटला. आपल्याकडे लग्ने जुळवताना मध्यस्थ हेच म्हणत आले आहेत. मुलीचा दमा, मुलाचे कर्ज, वडिलांचे वेड. ‘एकदा लग्न होऊ दे, मग सगळं ठीक होतं.’ त्यात दुष्टावा नसतो, बहुधा मायाच असते. पण पुढे काय होते, तेही आपण पाहिलेले असते. लपवलेला दोष जेव्हा उघड होतो, तेव्हा तो मूळच्या आकाराचा राहत नाही. त्याच्यावर फसवणुकीचे व्याज चढलेले असते. दमा असलेल्या मुलीला दम्याची शिक्षा भोगावी लागत नाही, ‘सांगितलं नव्हतं’ याची भोगावी लागते. आणि सांगायचे की नाही हे तिने ठरवलेलेही नसते. वाघ्याचे तसेच झाले असते. लपवून दिलेला कुत्रा पहिल्यांदा गुरगुरला की घरच्यांना त्याची भीती न दिसता त्याचा विश्वासघात दिसला असता. तो मुका, ‘हे मी सांगितले नव्हते, माझ्या मध्यस्थाने लपवले’, असे तो म्हणू शकला नसता.

म्हणून मला असे वाटते की, सत्य आणि दया यांत निवड करायची आहे, हा समजच चुकीचा आहे. जो स्वतःविषयी बोलू शकत नाही त्याच्याविषयी खरे बोलणे, हाच त्याच्यावरील दयेचा मोठा भाग आहे. खरे सांगितल्याने विचारणारी घरे कमी होतात, हे मान्य. पण जी उरतात ती त्याच्यासाठी उरतात. आपण रंगवलेल्या चित्रासाठी उरत नाहीत.

जाहिरात व्हॉट्सॲपवर फिरली. पहिली विचारणा एका सुखवस्तू, सज्जन कुटुंबातून आली. मोठे घर, गच्ची, आणि चार वर्षांचा नातू. वाघ्याचे छायाचित्र पाहून त्यांना फार कणव आली होती. “आमचा पोरगा गुणी आहे, त्रास देणार नाही”, असे ते वारंवार सांगत होते. त्यांना नकार देताना माझ्या विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आले. तीन महिन्यांत आलेले एकमेव घर, आणि तेच परतवायचे! पण चार वर्षांचे मूल गुणी असले तरी मूलच असते; ते धावते, किंचाळते, मिठी मारते. मिठी ही माणसाची मायेची खूण आहे. भ्यालेल्या कुत्र्याला ती पकड वाटते. तो नकार वाघ्यावर जितका उपकार होता तितकाच त्या मुलावरही होता. चांगल्या माणसांना चांगल्या कारणासाठी नाही म्हणणे, हे दयेतले सर्वांत अवघड काम असावे.

या काळात माझ्या मनात महाभारत घोळत होते. महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिरामागून कुत्रा जातो, आणि इंद्राचा रथ दाराशी आला तरी धर्मराज त्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जायला तयार होत नाही, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. त्याच महाभारताच्या आरंभी, आदिपर्वात, आणखी एक कुत्रा आहे हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. जनमेजयाच्या यज्ञात सरमा नावाच्या देवशुनीचे पिल्लू येते. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. तरी जनमेजयाचे भाऊ त्याला बडवतात. ते रडत आईकडे जाते. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या पोराने काय केले होते? कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते : निरपराध्याला मारलेत, म्हणून न दिसणारे भय तुमच्यावर येईल. राजा हादरतो आणि त्या शापाच्या निवारणासाठी पुरोहित शोधत फिरतो. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या एका टोकाला मार खाल्लेले पिल्लू आणि दुसऱ्या टोकाला न सोडलेला कुत्रा आहे. मला त्या शापाचे नवल वाटते. भीती देणाऱ्याला सरमा मृत्यू देत नाही, दारिद्र्य देत नाही, भीतीच देते.

तरीही युधिष्ठिराची गोष्ट आपल्याला पुरी पडत नाही. त्याचा कुत्रा आपणहून, हस्तिनापुरापासून, मागे मागे आला होता. जो आपल्यामागे येतो त्याला न सोडणे थोरपणाचे आहे. पण त्यात एक आधार असतो, त्याने आपल्याला निवडलेले असते. वाघ्या कोणाच्याच मागे येत नव्हता. त्याच्याकडे पाहिले की तो दूर जात होता. त्याच्या बाबतीत आपल्याला जवळची आहे ती नामदेवांची गोष्ट : कुत्र्याने पोळी पळवली, आणि ती कोरडी लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. इथे कुत्रा पळतो आहे, आणि पाठीमागे ब्रह्मराक्षस नसून संत आहे. गंमत अशी की, आजचे प्राणितज्ज्ञ नामदेवांनाही हळूच थांबवतील. ‘महाराज, भाव खरा आहे, पण पळणाऱ्या कुत्र्याला पाठीमागच्या वाटीतले तूप दिसत नाही, धावणारी पावलेच ऐकू येतात. वाटी तिथे ठेवा आणि चार पावले मागे या.’ आपली दया आपल्याला ठाऊक असते. ज्याच्यावर करायची त्याला ती अजून कळायची असते. तोपर्यंत तिचा वेग त्यालाच ठरवू द्यावा.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत. त्यांनी मला रोखठोक विचारले, “बाई, इथं माणसांना राहायला जागा नाही, आणि तुम्ही कुत्र्याला घर शोधता?” हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. त्यांचे स्वतःचे घर पुनर्बांधणीत गेले आहे आणि कित्येक वर्षे ते भाड्याच्या खोलीत दिवस मोजत आहेत. त्यांना मी हेच सांगितले की, वाघ्याला मिळणारा कोपरा कोणा माणसाच्या वाट्याचा नाही. तो एका घरातल्या पलंगाखालचा आहे. दया ही शिधापत्रिकेवरची साखर असती, तर कुत्र्याला दिली तेवढी माणसाची कमी झाली असती. उलट बाजूनेही मी भाबडी नाही. कुत्र्यांवर माया करणारी पण मोलकरणीला पाण्याचा पेला वेगळा देणारी माणसे मी पाहिली आहेत. कुत्रा पाळल्याने माणूस आपोआप थोर होत नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक आहे. कर्तव्य हा शब्द मला आवडतो. त्यात फुशारकीला जागा नसते.

आणि हे कर्तव्य प्रत्येकाने कुत्रा आणूनच पार पाडावे, असेही नाही. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोकाट कुत्र्यांविषयी दिलेल्या आदेशात, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे हा एकाच दिशेचा रस्ता आहे. ज्याच्या घरी म्हातारी आई काठी टेकत चालते, ज्याची नोकरी बदलीची आहे, ज्याला प्रेमाची परतफेड आठ दिवसांत हवी आहे, त्याने ‘मला जमणार नाही’ म्हणावे. प्रामाणिक नकारात वाघ्याचा अपमान नाही. चौथ्या दिवशी परत पाठवण्यात आहे.

शेवटी त्याला घर मिळाले ते दोन वयस्क माणसांचे. काका कारखान्यातून निवृत्त झालेले, काकू घरीच असतात, मुले परगावी. त्यांनी जाहिरातीचा कागद दोनदा वाचला. काका म्हणाले, “चावतो ते लिहिलंय, बरं झालं. आम्हांला कुठं जायची घाई आहे? बसू दे त्याला कोपऱ्यात.” निवाऱ्यातले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवसांत श्वास खाली बसतो, तीन आठवड्यांत घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपले वाटते. वाघ्याने हा हिशेब मानला नाही. अकरा दिवस तो पलंगाखाली होता. काकू रोज दुपारी तिथे जमिनीवर बसत आणि त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत. त्याला हाक मारत नसत, त्याच्याकडे पाहत नसत. उठताना पोळीचा तुकडा ठेवून जात. बाराव्या दिवशी सुपाशेजारी एक नाक आले.

आता सहा महिने होऊन गेले. तो सुधारला का, असे लोक विचारतात. उद्‌वाहकात तो अजूनही पाऊल ठेवत नाही. काका त्याच्यासाठी तीन मजले जिन्याने चढतात. एकदा काकांची काठी आपटली तेव्हा त्याने त्यांच्या लेंग्याला दात लावले. दाराची घंटा वाजली की तो आत जातो. पाहुण्यांना तो दिसतच नाही. शेपूट हलवतो ते एकट्या काकूंसाठी, तेही थोडेसे. ज्याला नळीतून सरळ निघालेले शेपूट पाहायचे असेल, त्याची निराशा होईल. पण शेपूट सरळ झाले पाहिजे, ही अट मुळात कोणी घातली? ते पोटाखालून निघाले आहे, एवढे पुरे नाही काय? आपण आपल्या माणसांना तरी संपूर्ण बरे करून मगच घरात घेतो का? अंधाराला भिणारी आत्या, पाहुणे आले की माडीवर जाणारे काका प्रत्येक घरात होते; आणि ते घरचेच होते. जिथे आपली भीती आधीपासून ठाऊक असते आणि तरीही आपले ताट वाढलेले असते, त्या जागेला घर म्हणतात. याहून वेगळी व्याख्या मला सापडलेली नाही.

आता दिवाळीविषयी. माणसाला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४० हजारांच्याही पलीकडचा. सुतळी बाँब आपल्या कानाला सण वाटतो. त्याला काय वाटत असेल ते लेनिनग्राडच्या त्या कुत्र्यावरून ताडावे. या दिवसांत कितीतरी पाळीव कुत्री उघड्या दारातून सुटतात आणि परतीची वाट चुकतात. नेपाळात तिहारच्या सणात दुसरा दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, गोडधोड खाऊ घालतात. तो दिवस म्हणजे आपली नरकचतुर्दशी. एकाच पहाटे डोंगरापलीकडे कुत्र्याला माळ घालतात आणि इकडे त्याच्या कानाशी माळ लावतात. आपण माळ घालावीच, असे माझे म्हणणे नाही. वाघ्याला तर तीही आवडणार नाही. फटाके वाजत असताना दार लावून घ्यावे, खिडक्या ओढून घ्याव्यात, त्याचा कोपरा त्याला द्यावा, आणि ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांनी जिन्याखाली दडून बसलेल्याला हुसकू नये. एवढे पुष्कळ झाले.

तेव्हा भित्यापाठी कोण असावे? इतक्या विचारानंतर मला वाटते, त्याच्या पाठी कोणीच असू नये. ब्रह्मराक्षस नको, आणि धावत येणारा दयाळू माणूसही नको. त्याच्या शेजारी, हातभर अंतर राखून, पाठ फिरवून, तांदूळ निवडत कोणी तरी बसलेले असावे.